पाच हजारांत साउंड कार्ड आणि स्पीकर: हिंदमाताच्या खोलीसाठी

घरात कॉम्प्युटर आहे, त्याचा आवाज चिरका येतो आणि तो सुधारायला हाताशी पाच हजार रुपये आहेत, असं धरून ही कृती लिहिली आहे. वाचणारा मुंबईतल्या हिंदमाता, नायगाव, भोईवाडा किंवा लालबागचा आहे, असंही धरलं आहे. इथल्या खोलीचं माप, भिंतीपलीकडचं बिऱ्हाड, खिडकीखालचा आंबेडकर रोड आणि जुलैतलं पाणी, या सगळ्यांचा स्पीकरच्या निवडीशी संबंध येतो. पाच हजारांऐवजी दोनच असले तरी क्रम हाच ठेवायचा, खालच्या काही पायऱ्या गाळायच्या.

क्रम असा: आधी फुकटची तपासणी, मग खोली, मग स्पीकर आणि सगळ्यात शेवटी, लागलंच तर, साउंड कार्ड. दुकानदार बहुधा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. त्याला कार्डही विकायचं असतं.

आधी आहे ते ऐका

मदरबोर्डवर आवाजाची चिप आधीच बसवलेली असते. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आणलं, तेव्हा साध्या पीसीतून बीपबीप यायची आणि गाणं ऐकायचं तर वेगळं कार्ड घेणं भाग होतं. १९९७ मध्ये इंटेलनं एसी ९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आणली आणि ते काम बोर्डावरच्या चिपकडे गेलं. आज तिथे बहुतेक वेळा रिअलटेकची चिप सापडते, आणि ऐकण्यापुरती ती चांगली असते.

तपासायचं असं. बरे हेडफोन कुणाकडून तरी मागून आणा. सीपीयूच्या पुढच्या बाजूची भोकं सोडा. पुढच्या जॅकची वायर पेटीच्या आतून पंखे आणि पॉवर सप्लायजवळून येते आणि वाटेत खरखर गोळा करते. मागे पोपटी रंगाचा जॅक असतो, त्यात पिन लावा. गुलाबी माइकचा आणि फिकट निळा बाहेरून आवाज आत घ्यायचा, ते आपल्या कामाचे नाहीत. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन ‘एन्हान्समेंट’ या नावाखाली जे काही चालू असेल ते बंद करा. चिरक्या आवाजाचं निम्मं कारण कधी कधी तिथेच सापडतं. कुठलंही गाणं न लावता आवाज पूर्ण वाढवा आणि ऐका. (गाणं लावण्याआधी परत कमी करायला विसरू नका, कानठळ्या बसतील.)

बारीक ‘सूं’ असेल तर ती प्रत्येक यंत्रात थोडीफार असतेच. गाणं सुरू झाल्यावर ती ऐकू येत नसेल तर सोडून द्या.

माउस हलवला, पेनड्राइव्हवर फाइल टाकली किंवा पान खालीवर सरकवलं की त्या तालात चरचर येत असेल, तर पेटीतल्या विजेचा गोंगाट आवाजात शिरतो आहे. वेगळं कार्ड घ्यायला हे खरं कारण आहे. तसंच जॅक मोडला असेल, किंवा एका कानात आवाज येत नसेल आणि हेडफोन मात्र फोनवर नीट चालत असतील, तर तेही.

तिसरा प्रकार जाड, एकसुरी ‘घूं’. ती बहुधा हेडफोनमध्ये नसते आणि स्पीकर लावल्यावर येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घूं ५० किंवा १०० हर्ट्झवर असते आणि तिचा उगम बहुधा वायरिंगमध्ये असतो. स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढा. तरीही घूं राहिली तर दोष स्पीकरचा. थांबली तर कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन वेगळ्या सॉकेटवर आहेत का पाहा आणि दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ऐका.

इथे जुन्या इमारतींची एक गोष्ट सांगायलाच हवी. अनेक चाळींत तीन पिनांचं सॉकेट आहे, पण अर्थिंगच्या भोकामागे वायरच जोडलेली नाही. सीपीयूच्या पत्र्याला उलटा हात लावला आणि मुंग्या आल्यासारखं वाटलं तर हेच समजायचं. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडी गळती पत्र्यावर येते आणि तिला जमिनीत जायला वाट नसते. वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या; स्पीकर नंतर आले तरी चालतील. आणि घूं जावी म्हणून पिनेचा जाड तिसरा पाय कापायचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. त्यानं घूं जाईलही, पण पत्र्याला हात लावणाऱ्याचा जीव धोक्यात येईल.

खोली मोजा

टेप घ्या आणि लांबी, रुंदी लिहा. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे साधारण १० बाय १६. या मापात जाड आवाजाचं काय होतं ते आकड्यातच दिसतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत तो अडकला की त्या अंतराच्या दुपटीएवढ्या लांबीची लाट तिथे घुमायला लागते. १६ फुटांच्या बाजूला ही घुमण्याची जागा ३५ हर्ट्झच्या आसपास येते, १० फुटांच्या बाजूला ५६ च्या. म्हणजे खोलीत खालचे दोन सूर आधीच फुगलेले आहेत. तिथे वूफर आणून ठेवला की त्याला तेच दोन सूर फुगवायला मिळतात. दुकानात भरदार वाटलेला बास घरी ‘धबधब’ होतो तो यामुळे. खोली आणि वूफर यांचं जमत नाही, वूफरमध्ये बिघाड नसतो.

दुसरी भानगड शेजाऱ्यांची. बारीक आवाज भिंत अडवते, जाड आवाज भिंतीतून आणि जमिनीतून पलीकडे जातो. बीडीडीचं बांधकाम काँक्रीटचं आहे. लालबाग-गिरगावच्या जुन्या चाळींत मजल्याला लाकडी तुळया आणि फळ्या आहेत, तिथे वूफर जमिनीवर ठेवणं म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या छताला धक्के मारणंच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. पण चाळीत नियमाच्या आधी खालच्या काकू वर येतात.

तिसरा प्रश्न खिडकीचा. आंबेडकर रोडवर खिडकी उघडत असेल तर दिवसभर बस, टॅक्सी आणि उड्डाणपुलावरची वाहतूक खोलीत असतेच. सीडीच्या दर्जाचा १६ बिटचा आवाज शांत आणि मोठ्या भागांतला ९६ डेसिबलपर्यंतचा फरक दाखवू शकतो. महागडं कार्ड त्याही पुढे ११५, १२० चे आकडे सांगतं. रस्त्यावरच्या खोलीत यातला शांत टोकाकडचा मोठा भाग हॉर्नखाली बुडून जातो. ज्या फरकासाठी पैसे द्यायचे तो ऐकूच येणार नसेल, तर ते पैसे स्पीकरकडे वळवावेत, हे माझं साधं गणित आहे.

पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळालं असेल तर वूफरचा त्रास थोडा कमी होतो, पण गुळगुळीत टाइल्स आणि रिकाम्या भिंतींमुळे शब्द पसरतात. त्याचा उपाय पुढे मांडणीत आहे.

कुठल्या जातीचे स्पीकर

दोन पेट्यांचा संच म्हणजे २.०. दोन छोट्या पेट्या आणि एक वूफर म्हणजे २.१. पाच आणि एक म्हणजे ५.१. पाच हजारांच्या आत माझा कौल सरळ २.० ला आहे. त्याच किमतीत २.१ घेतला की पैसे तीन पेट्यांत वाटले जातात, आणि मग ज्यातून माणसाचा आवाज, सनई, हार्मोनियम, घुंगरू येतात त्या दोन छोट्या पेट्या प्लास्टिकच्या आणि दोन इंची उरतात. ५.१ चा तर विचारच नको. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात १९७५ मध्ये ‘शोले’ सत्तर एमएमवर स्टिरिओफोनिक आवाजात लागला तेव्हा तो आवाज पसरायला तेवढं मोठं थिएटर होतं. इथे मागचे दोन स्पीकर एक कपाटावर आणि एक मोरीच्या दाराशी लागणार.

वॅटच्या आकड्यानं भुलून जाऊ नका. खोक्यावर मोठ्या अक्षरात पीएमपीओ असेल तर तो आकडा विसरा, त्याला मोजण्याचं ठरलेलं मानकच नाही. बारीक अक्षरात आरएमएस शोधा. छोटा स्पीकर एका वॅटला एका मीटरवर साधारण ८० ते ८५ डेसिबल देतो. समोरासमोर बसून केलेलं बोलणं ६० च्या आसपास असतं. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, दसपट केले की १०, आणि कानाला हे १० ‘दुप्पट मोठं’ एवढंच वाटतं. टेबलापासून हातभर अंतरावर बसणाऱ्याला प्रत्येक बाजूला खरे पाच वॅट पुरून उरतात.

यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरचा दावा घरीच तपासता येतो. जुन्या यूएसबी २ च्या भोकातून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. यूएसबी ३ मधून साडेचार. एवढ्याच पोटावर कुणी ‘२० वॅट’ छापलं असेल तर खोकं खाली ठेवा. दोन हजारांचं बजेट असेल तर चांगल्या कंपनीचे यूएसबीवाले छोटे २.० चालतील. पाच हजार असतील तर भिंतीतल्या विजेवर चालणारे, लाकडी म्हणजे एमडीएफ पेटीचे, निदान तीन इंची पडद्याचे घ्या.

ब्लूटूथ जोडीला असेल तर असू दे, मुख्य जोडणी वायरनं करा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि सिनेमात ओठ आधी हलतात.

लॅमिंग्टन रोडला जाताना

पाटी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. दादर किंवा प्रभादेवीहून स्लो गाडी, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुकानं नुकतीच उघडल्यावर गेलात तर दुकानदार ऐकवायला वेळ देतो. शनिवारी संध्याकाळी तो फक्त खोकं काढून देतो.

सोबत फोन घ्या, साडेतीन एमएमची दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घ्या, फोनला जॅक नसेल तर जॅकचा लॅपटॉप घ्या. ऐकायच्या फाइली आधीच उतरवून ठेवा. गाळ्याच्या आतल्या कोपऱ्यात नेटवर्कवर विसंबून राहू नका. दुकानदाराचं डेमोचं गाणं ऐकू नका, ते त्या स्पीकरला शोभेल असंच निवडलेलं असतं. आपल्या चार प्रकारच्या फाइली हव्यात.

पहिली, बातम्या देणारा माणूस. हिंदमातापासून जवळच, परळला, व्ही. शांतारामांनी १९४२ मध्ये राजकमल कलामंदिर उभं केलं आणि मंगेश देसाईंनी तिथे कित्येक चित्रपटांचं ध्वनिमिश्रण केलं. सिनेमात संवाद कळला नाही तर बाकीचा आवाज वाया जातो. घरच्या स्पीकरलाही हीच पहिली कसोटी लावायची. पुरुषाचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा आला तर तो संच तिथेच बाद.

दुसरी, तबलावादन. डग्ग्यावर मनगट सरकवून मींड काढली की सूर खालून वर चढत जातो. ही चढण स्वच्छ ऐकू आली पाहिजे. स्वस्त वूफर तिचा एकच ‘धुम्म’ करून टाकतो, कुठलाही बोल वाजला तरी तोच. मला या एका चाचणीवर इतका भरवसा आहे की बाकी काही ऐकायला वेळ नसेल तर एवढंच ऐका म्हणेन.

तिसरी, पोवाडा. गिरणगावाच्या या पट्ट्याला तो परका नाही. डफाची थाप खाली आणि तुणतुण्याची एकच तार वर, मध्ये शाहीर. थापेबरोबर तुणतुणं दबत असेल तर स्पीकरला दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत. चौथी, नुसता तानपुरा. जवारीची झिलई ऐकू यायला हवी. ती नसेल तर वरचे सूर कापले जात आहेत.

दोन संच ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि हे दुकानदाराला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मग मुद्दाम अगदी हळू आवाजात ऐका. स्वस्त व्हॉल्यूमच्या बटणात हळू आवाजाला एक बाजू मोठी आणि एक बारीक येते. रात्री अकराला सगळे झोपल्यावर तुम्ही याच पातळीवर ऐकणार आहात, त्यामुळे हा दोष लहान समजू नका. बटण फिरवताना खरखर आली तर दुसरा नग मागा.

आता हातानं. पेटी उचला; दोन संच सारख्या मापाचे असतील तर जड असेल तो बहुधा बरा. बोटाच्या पेरानं ठोका, ‘टक’ यायला हवं, ‘ढब’ नको. पडद्याच्या कडेची गोल पट्टी रबराची आहे की फोमची, ते विचारा आणि जाळी निघत असेल तर पाहा. मुंबईच्या दमटपणात फोम काही वर्षांत भुगा होतो, रबर टिकतं. वर छोटा ट्वीटर दिसत असेल तर तानपुरा लावून त्याच्याशी कान न्या. अगदी स्वस्त संचांत कधी कधी तो नुसता शोभेचा असतो, आत काही नसतंच. वीज पुरवणारा अडॅप्टर वेगळा असेल तर चांगलं, बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

भाव विचारल्यावर “बिल पाहिजे काय, भाऊ?” असा प्रश्न येईल. पाहिजे. १८ टक्के जीएसटी वाचवायचा मोह होतो, पण बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर, मॉडेल आणि नगाचा सीरियल नंबर नसेल तर वॉरंटीला अर्थ उरत नाही. “वॉरंटी कंपनीची की दुकानाची? सर्व्हिस सेंटर कुठे आहे?” हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. ऐकलेला नग नव्हे, दिला जाणारा नग तिथेच लावून दोन्ही बाजू वाजताहेत ना पाहा. खोकं फेकू नका. जागा नाही हे मान्य, पण वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू दे.

घरात जुनी म्युझिक सिस्टीम असेल तर

ही वाट थोडी कटकटीची, पण माझ्या मते पैशाच्या मानानं सगळ्यात चांगली. नव्वदच्या दशकात घेतलेला डेक बंद पडून माळ्यावर असतो आणि त्याच्या दोन लाकडी पेट्या शाबूत असतात. पाच-सहा इंची पडद्याच्या अशा पेट्या आज नव्या घेऊ म्हटलं तर पाच हजारांत बसत नाहीत. चोरबाजारातही मिळतात, मात्र तिथे वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

पेटीच्या मागे किती ओहम लिहिलंय ते पाहा. चार, सहा किंवा आठ चालेल. पडदा चारी बोटांनी हलकेच आत दाबा. आत कुठे घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेली. कडेचा फोम झडला असेल तर तेवढी कडा बदलून मिळते. मग लॅमिंग्टन रोडवर टीपीए ३११६ या चिपचा छोटा स्टिरिओ अँप्लिफायर बोर्ड मागा, शक्यतो डबीत बसवलेला. वीज द्यायला १२ व्होल्टचा, तीन-चार अँपिअरचा अडॅप्टर. खोक्यावर ‘५० वॅट अधिक ५० वॅट’ लिहिलेलं असेल, ते २१ व्होल्ट आणि ४ ओहमच्या हिशेबानं. १२ व्होल्टवर ८ ओहमच्या पेटीला जास्तीत जास्त ९ वॅट मिळतील, आणि वरच्या हिशेबानं ते भरपूर आहेत.

जोडताना एक काळजी. या चिपमध्ये दोन्ही बाजूंच्या काळ्या वायरी वेगळ्याच ठेवायच्या. त्या एकमेकींना किंवा डबीच्या पत्र्याला जोडल्या तर चिप जळू शकते. जुन्या डेकची सवय असलेला कारागीर हे हमखास करतो, त्याला आधीच सांगा.

लाल वायर लालला, काळी काळीला. मग बातम्यांची फाइल लावून दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्ये बसा. माणूस समोर मधोमध बोलायला हवा. तो मध्ये न सापडता डोक्याच्या आजूबाजूला पसरला आणि बास पातळ झाला, तर एकाच पेटीच्या दोन वायरी उलट करा.

कार्ड, लागलंच तर

पहिल्या तपासणीत चरचर निघाली असेल किंवा जॅक मोडका असेल, तरच इकडे वळा. सीपीयूच्या पेटीबाहेर राहणारं यूएसबी कार्ड घ्या. ते आतल्या गोंगाटापासून दूर राहतं, ड्रायव्हर लागत नाही आणि उद्या लॅपटॉपलाही चालतं. अंगठ्याएवढ्या स्वस्त कार्डांवर ‘७.१’ लिहिलेलं असतं आणि भोकं असतात दोन, एक ऐकायचं, एक माइकचं. आत बहुधा सीएम १०८ जातीची चिप असते, ती दोनच वाहिन्यांची आणि १६ बिटची. सात वाहिन्या छपाईत आहेत. तरीही मोडक्या जॅकवर उपाय म्हणून हे कार्ड वाईट नाही.

त्याहून थोडं चांगलं हवं असेल तर फोनसाठी मिळणारा, सी पिनेचा हेडफोन अडॅप्टर घ्या. विचारायचं एवढंच, “दादा, आत डॅक चिप आहे ना?”, म्हणजे डिजिटल आवाजाचं ऐकायच्या आवाजात रूपांतर करणारी चिप. काही अडॅप्टर नुसत्या वायरीचे असतात, ते कॉम्प्युटरला लावले की गप्प बसतात. चिप असलेल्या अडॅप्टरला साध्या यूएसबीचं टोक जोडलं की तो कार्डाचं काम करतो, आणि स्पीकरला आवाज पोचवण्यात अनेक महाग कार्डांच्या मागे पडत नाही.

सीपीयूच्या पेटीत बसणारं कार्ड या बजेटमध्ये नको. जुनं साउंड ब्लास्टर कुणी फुकट दिलं तरी आधी बोर्डावर लांब, जुना पीसीआय स्लॉट आहे का पाहा. नव्या बोर्डांवर तो नसतो, आणि नव्या विंडोजला त्याचा ड्रायव्हर मिळवताना नाकी नऊ येतात. शिकवणीचे व्हिडिओ किंवा गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर ते कामच निराळं, त्याला माइकला ४८ व्होल्ट देणारा ऑडिओ इंटरफेस लागतो आणि त्याचं बजेट वेगळं काढावं लागतं.

पाच हजारांची वाटणी मी अशी करेन: चार हजार स्पीकरला, तीनेकशे चांगल्या वायरीला आणि एक्स्टेंशन बोर्डाला, उरलेले सातशे महिनाभर तसेच ठेवायचे. महिनाभरात कार्डाची गरज जाणवली नाही तर त्या पैशांचं पुढच्या पायरीतलं कापड आणा.

मांडणी

दोन पेट्या आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, प्रत्येक बाजू सुमारे मीटरभर. पेट्या कानाच्या उंचीला, तोंड तुमच्याकडे. टेबल खाली असेल तर पेटीच्या पुढच्या कडेखाली लाकडाची पाचर ठोकून तिला वर बघायला लावा. कोपऱ्यात सारू नका, तिथे दोन भिंती मिळून बास फुगवतात. मागे भोक असलेली पेटी भिंतीपासून वीतभर पुढे. वूफर घेतलाच असेल तर तोही कोपऱ्यापासून दूर, बटण निम्म्याच्या खाली. पेट्यांखाली रबराचा तुकडा किंवा जुना माउसपॅड, म्हणजे टेबल सोबत वाजणार नाही.

घुमणाऱ्या खोलीला कापड लागतं, आणि त्यासाठी कुठे लांब जायला नको. हिंदमाताच्या बाजारातून पडद्याचं जाड कापड आणा. भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या आणि भरपूर चुण्या घालून लावा. ताणून लावलेला पातळ पडदा काहीच करत नाही. जागा तुमच्या पाठीमागची भिंत किंवा रस्त्याकडची खिडकी. दुकानात थानाच्या शेवटी उरलेले तुकडे स्वस्तात मागता येतात, रंग जुळला नाही तरी आवाजाला फरक पडत नाही. कापड फक्त वरचे सूर शोषतं, शब्द स्पष्ट होतात. धबधब त्यानं जात नाही, त्यासाठी पेट्याच हलवून पाहाव्या लागतात. एका वेळी वीतभर सरकवा, डग्ग्याची फाइल लावा, ऐका.

मे महिन्यात करायचं काम

तळमजल्यावर राहत असाल तर स्पीकर, सीपीयू आणि एक्स्टेंशन बोर्ड यातलं काहीही जमिनीवर राहता कामा नये. हिंदमाता चौक बशीसारखा खोल आहे, पावसात पाणी तिथे साचतं. प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पालिकेनं पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, तरी भरतीच्या वेळी मोठी सर आली तर पहिली शंका याच चौकाची येते. एक्स्टेंशन बोर्ड भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर स्क्रूनं पक्का करा. वूफर न घेण्याचं हे आणखी एक कारण, त्याची जागा जमिनीवरच असते.

वरच्या मजल्यांना दमटपणा पुरतो. जॅक महिन्यातून एकदा काढून चार वेळा आतबाहेर करा, पिनेवरचा थर निघून जातो. संच आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास वाजवा. पाणी घरात शिरायला लागलं तर आधी मेन स्विच बंद, मग उचलाउचल. भिजलेला स्पीकर ‘चालतोय का’ पाहायला लगेच लावू नका. पंख्याखाली चार-पाच दिवस वाळू द्या. एमडीएफची पेटी खालून फुगली असेल तर ती परत बसत नाही, पण आतला पडदा आणि सर्किट वाचलं असेल तर लालबागचा कुठलाही सुतार त्याच मापाची प्लायवूडची पेटी करून देईल. माप घेताना आतली लांबी-रुंदी-खोली मोजून द्या, बाहेरची नव्हे.